'रात्री पोलिस फुकट घरी सोडतात' हा मेसेज पाठवणं आता थांबवा

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरायलाय. वर "प्रत्येक लेकीच्या बापाने वाचावा" असं ठळक अक्षरात आणि खाली एकेक मुद्दा. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात एकटी बाई कुठंही अडकली तर 1091 वर नाहीतर खाली दिलेल्या मोबाईल नंबरवर फोन करा, पोलिसांची गाडी फुकट घरी सोडेल, अख्ख्या भारतात. एटीएमवर कुणी धमकावलं तर पिन उलटा टाका. गाडीच्या काचेवर अंडं फेकलं तर वायपर लावू नका. रिक्षात बसताना रिक्षाचा फोटो काढून घरी पाठवा. कलम 233 प्रमाणे मुलीला हल्लेखोराला मारायचा हक्क आहे, केसच होत नाही. आणि शेवटी, मुलींनी रात्री नऊनंतर बाहेर पडूच नये, पडलंच तर ओळखीच्या माणसासोबतच जावं.

पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नाही, हे मला माहितीय. पण ह्यातल्या पहिल्याच मुद्द्यावर आमच्या लेकरानं विश्वास ठेवला. माझी भाची पुण्यात कामाला आहे, दिवाळी करून परभणीहून ट्रॅव्हल्सनं परत गेली, गाडी वेळेच्या आधी पोचली आणि ड्रायव्हरनं पहाटे अंधारातच हायवेच्या कडेला उतरवून दिलं. ॲपवर रिक्षा मिळेना, म्हणून तिनं तो मोबाईल नंबर लावला, जो तिच्या आईनं निघताना मुद्दाम फोनमध्ये सेव्ह करून दिला होता. लागला नाही. परत लावला, परत तेच. बंद शटरसमोर बॅग घेऊन उभी, फोनची बॅटरी उतरायली आणि जी येणारच नाही अशा गाडीची पोरगी वाट बघायली. शेवटी पलीकडं एका चहावाल्या मावशीनं स्टोव्ह पेटवला, बल्ब लावला, तशी ती आणि त्याच गाडीतून उतरलेल्या अजून दोन मुली तिथं जाऊन बसल्या, उजाडल्यावर घरी गेल्या. काही झालं नाही, पण त्या मेसेजमुळं तिचा जो वेळ गेला त्यात काहीही होऊ शकलं असतं. म्हणून हे लिहायलेय.

तर तो मोबाईल नंबर कुठला? लुधियानाचा. पंजाबातलं लुधियाना. नोव्हेंबर 2019 च्या शेवटी हैदराबादला त्या पशुवैद्यक डॉक्टर मुलीसोबत जे झालं त्यानंतर देशभर संताप होता, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला लुधियाना पोलिसांनी त्यांच्या शहरापुरती ही रात्रीची मोफत सोय जाहीर केली, 1091 आणि हा एक मोबाईल नंबर देऊन. कुणीतरी त्यातलं शहराचं नावच काढून टाकलं आणि मेसेज झाला अख्ख्या भारताचा. इतकी वर्षं झाली तरी तोच नंबर परभणीतली आई पुण्याला निघालेल्या पोरीला देते. लुधियानाची गाडी पुण्याच्या हायवेवर कशी येणार?

अर्धं खरं आहे ते मान्य करते, मन मारूनच. आपल्या महाराष्ट्रात नागपूर पोलिसांनीही डिसेंबर 2019 मध्येच रात्री 9 ते पहाटे 5 अशी घरी सोडायची सोय सुरू केली होती, इतरही काही शहरांनी तसं जाहीर केलं. अडकलेल्या बाईला पोलिसांनी स्वतःहून घरी सोडल्याचं पण ऐकलंय, आपल्याकडची दामिनी पथकं चांगलं काम करतात. पण ते त्या शहराचं, त्या वेळच्या अधिकाऱ्याचं, त्या रात्री गाडी मोकळी असण्याचं. ते काही देशभराचं हक्काचं तिकीट नाही.

मग लावायचा कुठला नंबर, तर 112. ते राज्यभर चालतं आणि ते टॅक्सीसाठी नाही, धोका वाटला तर लावायचं, पण धोका "वाटला" तरी लावायचं, अंगावर यायची वाट बघायची नाही. ह्यात एक गोष्ट कुणी सांगत नाही. महाराष्ट्रातला 112 चा कॉल आधी नवी मुंबईच्या नाहीतर नागपूरच्या कंट्रोल रूमला जातो, मग तिथून तुमच्या जवळच्या गाडीला निरोप जातो. म्हणजे फोन उचलणाऱ्याला संभाजीनगरचा बाबा पेट्रोल पंप चौक म्हणजे काय ते माहीत असेलच असं नाही. म्हणून "मी चौकात उभी आहे" असं सुरू करू नका, पहिल्या दमात शहर सांगा, मग भाग, मग समोरच्या दुकानाच्या पाटीवरचं नाव. लोकेशन त्यांना दिसतं, पण मोबाईलचं लोकेशन दरवेळी नेमकं येईलच असं नाही. आणि 2017 पासून भारतात विकायच्या फोनला पॅनिक बटण सक्तीचं आहे, साध्या फोनवर 5 किंवा 9 दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट दाबायचं, काही फोनवर तीनदा काही फोनवर पाचदा. आपल्या फोनला कितीदा ते आज घरात बसून सेटिंगमध्ये बघून घ्या, रात्री रस्त्यावर शोधत बसू नका. रेल्वेत असाल तर 139. देवगिरी एक्सप्रेसनं पहाटे उतरणाऱ्या बायांनी तर हा नंबर पाठच करावा.

एटीएमचा उलटा पिन. अशी सोय भारतातल्या कुठल्याच एटीएमला नाही. असती तर ज्यांचा पिन 1221 आहे त्यांनी काय करायचं? चाकू समोर असताना उलटा पिन आठवत बसायचं, तो चुकणार, समोरचा अजून चिडणार. पैसे देऊन टाका, जीव वाचवा, नंतर कार्ड ब्लॉक करा. अंड्याचं तर सोडूनच द्या, माझ्या भाचीकडं कार नाही, ती बसमधनं आणि रिक्षानं फिरते, आणि मेसेज वाचणाऱ्या निम्म्या पोरींचं तसंच आहे.

कलम 233 मात्र सोडून देता येत नाही. जुन्या भारतीय दंड संहितेत 233 हे कलम खोटी नाणी पाडायच्या हत्याराबद्दल होतं, बलात्काराशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि ती संहिताच 1 जुलै 2024 पासून गेली, तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. आता इथंही अर्धं खरं आहेच. स्वसंरक्षणाचा हक्क खरा आहे आणि तो काही नवा कायदा नाही, 1860 च्या संहितेत कलम 100 होतं, आता ते न्याय संहितेत कलम 38 आहे. बलात्काराच्या, पळवून न्यायच्या किंवा ॲसिड फेकायच्या हेतूनं हल्ला होत असेल तर स्वतःला वाचवताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो हक्क लागू होतो. पण "केसच होत नाही" हे साफ खोटं. पोलिस नोंद करतील, तपास होईल, कलम 37 म्हणतं की बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि हल्ला संपल्यावर, माणूस पळून जात असताना मागनं दगड घातला तर तो बचाव धरला जाईल असं नाही. पोरींना हक्क सांगा, जरूर सांगा, पण खरा सांगा. आणि ह्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा कामाला येणारी गोष्ट म्हणजे झिरो एफआयआर. "हे आमच्या हद्दीत नाही" म्हणून कुठलंही ठाणं गंभीर गुन्ह्याची तक्रार परत लावू शकत नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ते स्पष्ट आहे. ट्रॅव्हल्समध्ये जालन्याजवळ कुणी त्रास दिला आणि तुम्ही पुण्यात उतरलात, तर पुण्यातल्या ठाण्यात तक्रार द्या, ते पुढं पाठवतील. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता शेवटचा मुद्दा, ज्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. नऊनंतर बाहेर पडू नका. कुणी? संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात रात्रपाळीला येणाऱ्या सिस्टरनी? लातूरला अभ्यासिकेतनं दहाला रूमवर जाणाऱ्या नीटच्या पोरींनी? की वाळूज एमआयडीसीतल्या शिफ्टवाल्यांनी? ह्याच ग्रुपवरचे लोक आजारी पडले की रात्री दोनला सिस्टर हजर पाहिजे, आणि तीच सिस्टर घरी जाताना रस्त्यावर दिसली की "एवढ्या रात्री कशाला बाहेर". आमच्या दादानं मेसेज वाचून त्याच्या पोरीला, म्हणजे माझ्या त्याच भाचीला सांगितलं, नोकरी सोड, परत ये. म्हणजे नंबर लुधियानाचा, कलम खोट्या नाण्यांचं आणि त्याच्या जोरावर निर्णय कशाचा, तर पोरीच्या नोकरीचा!

आणि "ओळखीच्या माणसासोबतच जा", हे तर धोकादायक आहे. एनसीआरबीचा, म्हणजे केंद्र सरकारच्याच राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा 2021 चा अहवाल बघा. त्या वर्षी देशात बलात्काराचे 31,677 गुन्हे नोंदले गेले आणि त्यातल्या शंभरातल्या 96 हून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा होता. घरातला, शेजारचा, कामावरचा, मित्र, लग्नाचं वचन दिलेला. दरवर्षीच्या अहवालात हे चित्र साधारण असंच असतं. हा आकडा फक्त नोंद झालेल्या गुन्ह्यांचा आहे आणि रस्त्यावरची छेडछाड, पाठलाग, घाणेरडे शब्द ह्यात येत नाहीत, त्यामुळं रस्ता सुरक्षित आहे असं मी म्हणत नाहीये. पण अंधारातल्या अनोळखी माणसाची भीती घालून पोरीला ओळखीच्याच्या गाडीवर बसवायचं, हा सल्ला कुठल्या आधारावर द्यायलेत?

अनोळखी माणसं हल्ला करतात हे खरंच आहे. 25 फेब्रुवारी 2025 ला स्वारगेटला तेच झालं. पहाटे पावणेसहाच्या सुमारास फलटणच्या गाडीची वाट बघणाऱ्या मुलीला एकानं ताई म्हणून हाक मारली, तुमची गाडी तिकडं लागलीय असं सांगितलं आणि उभ्या शिवशाहीत नेलं. ती मुलगी कुठल्या आडरानात नव्हती. राज्यातल्या सगळ्यात गजबजलेल्या स्टँडपैकी एकावर होती, तिकिटाच्या गाडीची वाट बघत होती. तिचं काय चुकलं? तिथं अंधारात उभ्या बसला कुलूप नव्हतं, सुरक्षारक्षक असून नसल्यासारखे होते. घटनेनंतर त्या स्टँडवरचे रक्षक बदलले, राज्यभरच्या स्टँडची सुरक्षा तपासायचे आदेश निघाले. म्हणजे दुरुस्ती कुठं हवी होती ते सरकारलाही कळलं, पण आपल्या मेसेजमध्ये एसटी स्टँडवरच्या दिव्याबद्दल, ट्रॅव्हल्सवाला अंधारात का उतरवतो त्याबद्दल एक ओळ नाही. सगळं पोरीनं काय करायचं आणि काय नाही तेवढंच.

पोरीनं करायचं ते थोडंसं आहे आणि बहुतेकींना माहीत आहे. रिक्षाचा नंबर घरी पाठवणं, लाइव्ह लोकेशन आठ तासांचं लावून ठेवणं, ट्रॅव्हल्सचं तिकीट काढतानाच गाडी किती वाजता आणि नेमकी कुठं उतरवते ते विचारणं, पहाटे लवकर पोचणारी असेल तर उशिरा निघणारी घेणं. मेसेजमधला रिक्षाच्या फोटोचा सल्ला चांगला होता, तेवढा ठेवा.

बाकीचं दुसऱ्यांनी करायचंय आणि ते कायद्यात लिहिलेलं आहे. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायदा 2017 चा आहे, 2025 च्या दुरुस्तीनंतर वीस किंवा जास्त लोक कामाला असलेल्या ऑफिसांना तो पूर्ण लागू होतो. त्याच्या कलम 13 प्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात ह्या वेळात बाईला कामावर ठेवायचं असेल तर तिची संमती पाहिजे, तिच्या सुरक्षेची व्यवस्था पाहिजे आणि ऑफिसपासून तिच्या घराच्या दारापर्यंत गाडी पाहिजे. दारापर्यंत, म्हणजे कोपऱ्यापर्यंत नाही. माझ्या भाचीच्या कंपनीची कॅब तिला मेन रोडला सोडते, आत गल्लीत वळायला त्रास होतो म्हणून, आणि तिथनं पुढं ती दिवे नसलेल्या रस्त्यानं चालत जाते. नोकरी सोडायला सांगण्याऐवजी दादानं हे कलम वाचावं म्हणून मी त्याला ते पाठवलंय. तिनं मॅनेजरला त्याबद्दल लेखी मेल टाकलाय, सोबत काम करणाऱ्या तिघींच्या सह्यांसकट. उत्तर अजून यायचंय.