त्या बाईला चेहरा का नाही?

आज दुपारी राजवाड्याजवळ कंदी पेढे घेताना आठ वर्षांच्या एका मुलीने मला जे विचारले, ते रात्र झाली तरी डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे. शेजारी इटलीहून एक जोडपे पाहुणे आले आहे आणि ही त्यांची दत्तक मुलगी. जन्म सातारा जिल्ह्यातला, एवढेच कागदावर आहे. तिने पेढा हातात धरला आणि आईकरवी विचारले, "माझ्या पहिल्या आईला हा आवडायचा का?" पुडा बांधून होईपर्यंत मी दुकानदाराच्या हातांकडेच पाहत राहिले.

तिच्या पिशवीत तिचे लाडके चित्रपुस्तक होते, दत्तक मुलांना जन्मभूमीची ओळख व्हावी म्हणून काढलेले. त्यातला भारत म्हणजे झूल घातलेला हत्ती, महाल आणि कमळांनी भरलेली नदी; जन्मदात्री म्हणजे पाठमोरी, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई, जी एक अश्रू ढाळते आणि पुढच्या पानावर आकाशात चांदणी होते. पान उलटले की विमान!

चांदणी कशासाठी? ती बाई बहुधा जिवंत आहे आणि कदाचित काल कोरेगावच्या एसटीत माझ्याच शेजारी बसली होती. जी आई बालकल्याण समितीपुढे मूल रीतसर सुपूर्द करते, तिला निर्णय फिरवण्यासाठी कायद्याने २ महिने मिळतात. अंगावरचे दूध आटत असताना ती ते दिवस कसे मोजत असेल, याला त्या गुळगुळीत पुस्तकात एक ओळ नाही. मूल कुठे सोडलेले सापडले असेल आणि आईचा पत्ता लागला नसेल, तर "पत्ता लागला नाही" असे लिहायलाही जागा लागत नाही. मान्य आहे, लहान मुलांना कागदपत्रे वाचून दाखवायची नसतात. पण म्हणून तिच्या आईचा चेहराच पुसायचा?

आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईंनी यशवंतला दत्तक घेतले आणि त्याला जन्म देणाऱ्या काशीबाईंचे नाव आजही घेतले जाते. दीडशे वर्षांपूर्वी जे जमले, ते रंगीत छपाईच्या काळात जमू नये?

आता राग थोडा उतरला आहे, म्हणून हेही लिहिते की ती इटालियन आई निदान लेकीशी बोलते तरी. आपल्याकडे घरात दत्तक मूल असले की पाहुण्यांसमोर आवाज खाली येतो, आणि मराठीत त्या मुलाच्या हातात देण्यासारखे चित्रपुस्तक शोधायला गेलो तर कर्ण आणि कृष्ण यांच्यापलीकडे आपण फारसे जात नाही. नाव ठेवायला मात्र मी पुढे.

ही मुलगी १८ वर्षांची झाली की मूळशोधासाठी कारा या केंद्रीय प्राधिकरणाकडे स्वतः अर्ज करू शकेल. जन्मदात्रीने ओळख गुप्त ठेवायला सांगितले असेल, तर तिच्या संमतीवाचून नाव मिळणार नाही, आणि तेही योग्यच आहे. तोपर्यंतची दहा वर्षे मात्र तिच्याजवळ हत्ती आणि चांदणीच असणार.

दुकानात मी शेवटी तिला म्हणाले, "मला ठाऊक नाही गं. पण इथे पुष्कळांना आवडतो." आईने ते तिच्या भाषेत सांगितले. तिने मान डोलावली, अर्धा पेढा खाल्ला आणि करपट लागतो म्हणून उरलेला आईच्या हातावर ठेवला.