पुठ्ठ्याखालचा पगार

लागलीस का कामाला? बरं झालं. तीन वर्षं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलंस, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन काढलंस, मुलाखतीत मेट्रन मॅडमनी "बॉन्ड चालेल ना?" एवढंच विचारलं आणि तू मान हलवलीस. मूळ सर्टिफिकेटं ऑफिसच्या कपाटात गेली. आता कॉलेजात न शिकवलेली एकच गोष्ट राहिली: बरोबरच्या स्टाफला पगार विचारायचा नाही.

आपल्याकडं कोल्हापुरात हे जरा जड जातं, मान्य आहे. इथं कुणी नवी चप्पल घालून आला तरी चार जण "कितीला बसली?" म्हणून विचारणार आणि आकडा ऐकून "फसलास की गा" म्हणणार. सराफांच्या गुजरीत पाऊल न टाकणाऱ्यालाही आजचा सोन्याचा दर पाठ. तुझ्या घरचंच बघ. बाबा दरवर्षी जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला जातात. उसाची पहिली उचल किती, एफआरपी (सरकारनं ठरवलेला किमान दर) एकरकमी की तुकड्यात, कुठल्या कारखान्यानं टनाला शंभर रुपये जास्त दिले, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. दुधाचा दर फॅटवर, म्हणून आई डेअरीतली फॅटची चिठ्ठी शेजारणीच्या चिठ्ठीशी ताडून बघते आणि पॉइंट दोनचा फरक निघाला तर सेक्रेटरीला तिथंच उभा करते. "मावशी, फॅट ही ज्याची त्याची वैयक्तिक बाब आहे," असं तिला आजवर कुणी म्हणालेलं नाही. पण ते म्हशीचं झालं. तू नर्स आहेस, सेवा करतेस. सेवेला फॅट लागत नाही.

तुझ्या ऑर्डरवर "ट्रेनी स्टाफ नर्स" लिहिलंय, तो शब्द नीट समजून घे. सलाइन लावणं, कॅथेटर टाकणं, रात्री दोनला डॉक्टरांना उठवून बोलणी खाणं, सकाळी हँडओव्हर देणं, हे सगळं सीनियर स्टाफसारखंच. नातेवाईक अंगावर धावून आले की तेव्हाही तू सीनियरच. ट्रेनी तू फक्त सात तारखेला, पगाराच्या दिवशी, असतेस. सहा महिन्यांत कन्फर्म करतो म्हणालेत. कुठले सहा, ते विचारू नकोस. आमच्याकडं एक ट्रेनी होती, तिचं पोर बालवाडीत गेलं तरी ती ट्रेनीच होती.

आणि सीपीआरच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, सिस्टरांच्या नादी लागू नकोस. त्यांना पगाराची लाज म्हणून वाटत नाही. सरकारच जाहिरातीत छापतं: अधिपरिचारिका, मूळ वेतन ३५,४०० पासून. ज्याला त्याला दिसतंय! तिथं नवीन लागलेल्या दोघीजणी एकमेकींचा पगार न विचारताच सांगू शकतात. असल्यानं वातावरण बिघडतं, असं आमचे एचआरचे सर म्हणतात. कुणाचं बिघडतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

बेडही मोजत बसू नकोस. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्रानं खाजगी दवाखान्यांतल्या नर्सच्या पगारासाठी समिती नेमली. समितीनं हिशेब बेडवर मांडला. २०० च्या वर बेड असतील तर त्याच पदाच्या सरकारी नर्सएवढा पगार. १०० च्या वर असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० असतील तर फार तर २५ टक्के कमी. आणि ५० च्या आतला दवाखाना असला तरी महिन्याला २०,००० च्या खाली नाही. ही शिफारस. शिफारस म्हणजे डिस्चार्ज कार्डावर "पथ्य पाळा" लिहितात तसली. आपल्याकडं बोर्डावर बेड ४८. नाइटला तू मोजशील तर पेशंट ५६ भरतील. पण पॅसेजमधल्या खाटेला बेड म्हणायचं नसतं. तिच्यावर फक्त बिल होतं.

पगाराची स्लिप मिळाली, तर घडी घालून पर्समध्ये ठेव. दुसरीच्या स्लिपशेजारी ठेवू नकोस. ठेवलीस की नको ते दिसायला लागतं. पीएफचे तुझे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के, दोन्ही तुझ्याच आकड्यातून गेलेत, हे दिसतं. २०२३ च्या एप्रिलपासून महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर माफ आहे, तरी तुझ्या स्लिपवर २०० कापलेत आणि हिच्या नाहीत, तेही दिसतं. फेब्रुवारीत तर ३००. बघून काय करणार? अकाउंटच्या खिडकीत जाऊन उभी राहणार, तेवढ्यात तिकडं आयसीयूत बेल वाजणार.

ब्रदरचा, म्हणजे पुरुष नर्सचा, पगार तर चुकूनही विचारू नकोस. तुझ्याच बॅचचा, तुझ्याच शिफ्टचा, इंजेक्शन देताना अजून हात थरथरतो त्याचा, पण त्याला घर चालवायचं असतं. तुझं घर आपोआप चालतं. बाई-पुरुषाला एकाच कामाचा एकच पगार द्यावा असा कायदा १९७६ सालीच झाला होता म्हणे. असेल. आपल्या नोटीस बोर्डावर तो लावलेला नाही. तिथं १२ मेच्या परिचारिका दिनाचा फोटो आहे. प्रत्येकीला एक गुलाब आणि एक वडापाव मिळाला होता. हे मात्र सगळ्यांना सारखं.

एवढं करूनही सगळ्यांचा पगार एका माणसाला माहीत असतो, आमच्या वॉर्डातल्या मावशींना. त्या अकाउंटची खोली झाडतात. पण त्यांना कुणी विचारत नाही आणि त्या आपण होऊन सांगत नाहीत. फक्त चहा देताना कुणाच्या कपात जरा जास्त ओततात. मला कायम काठोकाठ कप मिळायचा. माझ्यावर जीव आहे असं समजून मी खूश.

आमच्याकडं पगार रजिस्टरवर सही करून रोखीत मिळायचा. रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट आपलं आपण चिकटवायचं. रजिस्टरवर अकाउंटंट एक पुठ्ठा धरायचे, मधे एकच ओळ दिसेल एवढी फट कापलेली. त्या फटीत तुझं नाव, तुझा आकडा, तुझी सही. वरची ओळ झाकलेली, खालची झाकलेली. तीन वर्षं मी त्या फटीत सही केली आणि कुणाला एक अक्षर विचारलं नाही. मी सांगतेय ते अनुभवाचं आहे.

एका सात तारखेला त्यांचा मोबाइल वाजला आणि पुठ्ठा बोटभर खाली सरकला. खालच्या ओळीत सहा महिन्यांपूर्वी लागलेली पोरगी होती. तिला व्हेन सापडत नव्हती तेव्हा तिचा हात धरून मीच शिकवलं होतं. तिचा आकडा माझ्यापेक्षा अडीच हजारांनी मोठा. संध्याकाळी चेंजिंग रूममध्ये मी तिला म्हटलं, "तुला एवढा कसा गं?"

ती केस बांधत होती. म्हणाली, "लागताना सगळ्यांना विचारून आलो होतो की. तुम्ही सोडून. तुम्हाला कसं विचारायचं, तुम्ही सीनियर."

पुढच्या महिन्यात नवीन पुठ्ठा आला. सलाइनच्या खोक्याचा, जाड, दोन्ही बाजूंना क्लिपा लावलेला. फट इतकी बारीक की रुपयाचं तिकीट आडवं चिकटवावं लागतं.