पावसाने बर्फ ‘बसतो’ आणि उतार सुरक्षित होतो, हे साफ चूक आहे

मोसमाच्या सुरुवातीला हवा उबदार असली, वरून पाऊस पडत असला, तरी स्कीइंगला बिनधास्त जा, असं सांगणारा एक मेसेज सध्या फिरतोय. त्याचे मुद्दे असे: पावसाने बर्फ दाबून घट्ट होतो, त्यामुळे हिमस्खलनाची भीती नसते. ओल्या मऊ बर्फात पडलं तरी लागत नाही, म्हणून हेल्मेट नको. पारा शून्याच्या वर असल्याने थंडी बाधत नाही, जीन्स आणि स्वेटर पुरे. बर्फ कमी पडला तर रिसॉर्टवाले मशीनने हवा तेव्हा तयार करतात. ओल्या बर्फावर स्की आपोआप घसरते, वॅक्स (स्कीच्या तळाला लावायचं मेण) कशाला? आणि गर्दी नसते, म्हणून मजा याच दिवसांत.

माझ्या भाचीने हा मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मावशी, मग रिसॉर्टने दोरी लावून बंद ठेवलेल्या, पलीकडच्या उतारावर गेलं तरी चालेल ना?’ नाही, चालणार नाही. हे वाचून तिच्यासारखे आणखी कितीजण तोच बेत आखत असतील, म्हणून हे लिहिते आहे.

पहिला मुद्दा जीव घेणारा आहे, तेव्हा त्यापासूनच सुरुवात करते. ताजा बर्फ उतारावर टिकतो तो कणाकणांमधल्या बारीक सांध्यांमुळे. पावसाचं पाणी आत झिरपतं तसे हे सांधे सुटत जातात आणि त्याच वेळी वरचं ओझं वाढतं. म्हणजे धरून ठेवणारी ताकद कमी आणि ओढणारं वजन जास्त. कोरड्या ताज्या बर्फावर पाऊस सुरू झाला की पहिले काही तास सर्वांत धोक्याचे. कधी कधी तर काही मिनिटांतच उतार सुटायला लागतात.

मोसमाच्या सुरुवातीला त्यात आणखी एक भर पडते. पहिला बर्फ पातळ असतो. खालची जमीन उबदार आणि वरची रात्र थंड, अशा कात्रीत त्या पातळ थराचे कण एकमेकांना सोडतात आणि तो साखरेसारखा दाणेदार होतो. त्यावर नवा बर्फ पडतो, मग पाऊस. पाणी खाली उतरून त्या दाणेदार थरापाशी साचतं आणि वरचा सगळा थर निसटतो. पाणी थेट जमिनीपर्यंत पोचलं तर गवतावरून किंवा गुळगुळीत खडकावरून अख्खा थरच सरकू शकतो.

हे मी मनाचं सांगत नाही. युरोपातल्या हिमस्खलन इशारा सेवांनी मिळून धोक्याचे पाच ठरावीक प्रकार ठरवले आहेत: ताजा बर्फ, वाऱ्याने साचलेला बर्फ, आत दबलेला कमकुवत थर, ओला बर्फ आणि जमिनीवरून सरकणारा बर्फ. पाचांतला एक अख्खा प्रकार ओल्या बर्फाचा आहे, आणि सरकणाऱ्या बर्फातही पाण्याचा हात असतो. रोजच्या इशाऱ्यांत हेच प्रकार वापरले जातात. मेसेज लिहिणाऱ्याने त्यातला एक इशारा उघडून पाहिला असता तरी हे वाक्य लिहायची हिंमत झाली नसती.

ओलं हिमस्खलन कोरड्यापेक्षा हळू येतं, म्हणून त्यातून पळून जाता येईल असं कुणी सांगेल. त्यावरही विश्वास ठेवू नका. ताज्या कोरड्या बर्फाचं वजन घनमीटरला 50 ते 100 किलो असतं. ओल्या हिमस्खलनाचा ढिगारा त्याच्या कितीतरी पट जड असतो आणि थांबताक्षणी असा घट्ट बसतो, की आतल्या माणसाला हात हलवायलाही जागा राहत नाही.

आता अर्धसत्य. पाऊस थांबला, आकाश मोकळं झालं आणि रात्रभर सगळं नीट गोठलं, तर सकाळी तो बर्फ खरोखर भक्कम असतो. बहुधा हेच कुठेतरी अर्धवट ऐकून मेसेज लिहिला गेला. पण उबदार, दमट हवेत रात्री ढग हटत नाहीत, बर्फाची उष्णता बाहेर पडत नाही आणि तो गोठतच नाही. म्हणजे ज्या हवेसाठी हा सल्ला दिलाय, नेमका त्याच हवेत तो लागू पडत नाही. पारखायचं असेल तर हातमोज्यात मूठभर बर्फ दाबा. बोटांमधून पाणी गळलं, बूट पोटरीपर्यंत रुतले, उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडत खाली आले, तर 30 अंश किंवा त्याहून तीव्र उतारांवर जायचं नाही आणि त्यांच्या पायथ्याशीही थांबायचं नाही. खुणा केलेल्या, खुल्या ठेवलेल्या वाटांवरच राहायचं. दोरी लावणाऱ्यांनी दोरीच्या आतला उतार तपासलेला असतो.

दुसरा मुद्दा, पडलं तरी लागत नाही. हळू वेगात सरळ बुडावर बसलात तर नाही लागत, हे खरं. पण ओला बर्फ स्की धरून ठेवतो, शरीर पुढे जातं आणि मधल्यामध्ये गुडघा पिळला जातो. अशा सावकाश पिळणाऱ्या पडण्यात बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) कित्येकदा सुटतच नाही आणि लिगामेंट तुटतं. शिवाय मोसमाच्या सुरुवातीला थर पातळ, त्याखाली दगड आणि झाडांचे बुंधे. फॉर्म्युला वनचे विश्वविजेते मिखाएल शूमाखर 29 डिसेंबर 2013 रोजी फ्रान्समधल्या मेरिबेलला दोन आखलेल्या वाटांच्या मधल्या पट्ट्यात पडले आणि त्यांचं डोकं खडकावर आपटलं. तिथे पावसाचा संबंध नव्हता, खडकांचा होता. हेल्मेट नसतं तर ते रुग्णालयापर्यंत पोचलेच नसते, असं ग्रेनोबलच्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं. ‘हेल्मेट नको’ म्हणणाऱ्याने हे वाचावं.

थंडी बाधत नाही? पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढून नेतं. भिजलेली जीन्स घालून वाऱ्यात लिफ्टवर बसलेला माणूस 3-4 अंशांतही गारठतो, उणे 5 मध्ये कोरडा असलेल्यापेक्षा जास्त. शरीराच्या आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया. कापरं भरणं, झिप लावता न येणं, बोलताना जीभ अडखळणं, यातलं काहीही दिसलं की ताबडतोब आत न्यायचं. आतून लोकर किंवा सिंथेटिक, बाहेरून पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट, खिशात हातमोज्यांचा कोरडा जोड. सुती काहीही नको.

मशीनचं थोडक्यात. बर्फाच्या तोफांना नुसता पारा खाली असून भागत नाही, हवाही कोरडी लागते. दमट उबदार हवेत त्या बंदच ठेवाव्या लागतात. शून्याच्या वरही चालणारी वेगळी यंत्रं आहेत, पण त्यांच्यातून निघतो तो जेमतेम एखाद्या पट्ट्यापुरता.

वॅक्सचं तर उलटंच आहे. ओल्या बर्फात तळाखाली पाण्याचा थर जमतो, स्कीला खाली खेचतो आणि सपाट भागात ती अचानक अडते. उबदार बर्फाचं वॅक्स लावून घ्या. जुनं फ्लोरिनवालं नको, 2023-24 च्या हंगामापासून एफआयएसने (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने) स्पर्धांत त्यावर बंदी घातली आहे.

राहिली मजा. ती आहे, अगदी मनापासून सांगते. उतार मोकळे असतात, बर्फ वेग आवरून धरतो आणि वळणं निवांत घेता येतात. पायथ्याला पाऊस असेल तर आधी वरच्या लिफ्टची चौकशी करा. दमट हवेत दर 100 मीटरला पारा साधारण 0.65 अंशाने उतरतो, त्यामुळे 500 मीटर वर तोच पाऊस बर्फ होऊन पडत असू शकतो. वळताना वजन दोन्ही पायांवर जवळपास सारखं ठेवा, स्कीच्या कडा जोरात रोवू नका, वळणं लांब आणि गोल घ्या. गॉगल आतून पुसू नका, नुसता झटका. पाय दमले की थांबा, गुडघे त्याच वेळी दगा देतात. आणि परतल्यावर बुटांचे आतले लायनर काढून वाळत घाला, पण हीटरला टेकवून नको, नाहीतर आकार बिघडतो.