हिलरींनी आयोवा नाणेफेकीवर जिंकलं, हे खरं नाही

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीचं वारं वाहू लागलं की एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो: ‘1 फेब्रुवारी 2016 ला आयोवातल्या डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये हिलरी क्लिंटन यांनी सहाच्या सहा नाणेफेकी जिंकल्या आणि तेवढ्यावर बर्नी सँडर्स यांना हरवलं. पक्षाच्या लोकांनी सगळं आतल्या आत जुळवलं.’ तेव्हा क्लिंटन आणि सँडर्स दोघंही डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागत होते. आमच्या मराठी ग्रुपवरही तो मेसेज आला. मी आयोवाच्या राजधानीजवळ, डे मॉइनजवळ राहते आणि कॉकसला, म्हणजे पक्षाचे मतदार जमून आपल्या पसंतीचा उमेदवार ठरवतात त्या सभेला, स्वयंसेवक म्हणून काम करते. मेसेजमधली ‘पक्षाची माणसं’ म्हणजे आम्हीच, म्हणून उत्तर देते.

‘सहाच्या सहा जिंकल्या.’ त्या रात्री बातमीदारांच्या आणि मोबाइल व्हिडिओंच्या हाती लागलेल्या सहा नाणेफेकी क्लिंटन यांच्या बाजूने गेल्या होत्या, हे खरं. पण राज्यात तेवढ्याच झाल्या नव्हत्या. निकाल कळवायच्या पक्षाच्या अॅपवर केंद्रांनी 7 नाणेफेकी नोंदवल्या होत्या आणि त्यांतल्या 6 सँडर्स यांनी जिंकल्या. पहिला आकडा जगभर गेला, दुसरा कोणी फॉरवर्ड केला नाही.

‘तेवढ्यावर राज्य जिंकलं.’ इथे जरा आकडेमोड लागते. प्रत्येक केंद्राला ठरावीक प्रतिनिधी मिळायचे आणि ते उमेदवारांच्या गटांच्या आकाराप्रमाणे वाटले जायचे; वाटणीत एखादा उरला किंवा बरोबरी झाली की नाणं उडायचं. म्हणजे केंद्रावरचं नाणं ठरवायचं तो काउंटीच्या (जिल्ह्याच्या) पक्ष-अधिवेशनाचा एक प्रतिनिधी. असे प्रतिनिधी राज्यभरात सुमारे 11,000 होते. निकाल मात्र राज्य अधिवेशनाच्या प्रतिनिधींच्या हिशोबात जाहीर झाला आणि ते सुमारे 1,400. म्हणजे एका नाण्याची किंमत सरासरी एका राज्य प्रतिनिधीचा आठवा हिस्सा. क्लिंटन यांना मिळाले 700.47, सँडर्सना 696.92. त्या सहाही नाणेफेकी उलट पडल्या असत्या तरी या साडेतीनच्या फरकातून साधारण दीड गेला असता. क्लिंटन पुढेच राहिल्या असत्या.

‘आतल्या आत जुळवलं.’ हे मला सगळ्यात जास्त लागतं. तेव्हा कॉकस शाळेच्या जिममध्ये, चर्चच्या हॉलमध्ये, वाचनालयात व्हायचा. संध्याकाळी 7 वाजेपर्यंत जो रांगेत उभा असेल त्याला आत घ्यावंच लागायचं, त्यामुळे नोंदणीच्या टेबलावर पत्ता बदललेले, पक्षाकडे नोंदणी नसलेले, पहिल्यांदाच मतदार होणारे असे सगळे एकदम यायचे. मग लोक आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहायचे आणि मोठ्याने एकेक आकडा म्हणत मोजणी व्हायची. दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते शेजारी उभे राहून मोजत असायचे. प्रतिनिधी वाटायचा गुणाकार-भागाकार सगळ्यांसमोर व्हायचा आणि नाणंही सगळ्यांसमोरच उडायचं. ते व्हिडिओ मिळाले तेसुद्धा याच कारणाने.

आयोवातल्या एम्स शहरातलं गाजलेलं केंद्र बघा. सुरुवातीची नोंद 484 जणांची. नंतर मोजले तर क्लिंटन 240, सँडर्स 179, तिसरे उमेदवार ओमॅली 5. म्हणजे 60 माणसांचा हिशोब लागेना. केंद्राच्या वाट्याला प्रतिनिधी 8 होते. नियमाप्रमाणे गटातली माणसं गुणिले 8, भागिले 484. क्लिंटनचे 4 आले, सँडर्सचे 3, एक उरला. केंद्राने पक्षाच्या हेल्पलाइनला विचारलं, तिकडून नाणं उडवायला सांगितलं आणि 5-3 झालं. आता भागाकार प्रत्यक्ष उरलेल्या 424 वर करून बघा: 4.53 आणि 3.38, म्हणजे पुन्हा 5-3. ते 60 जण सगळेच्या सगळे सँडर्सचे असते तर मात्र 4-4 झालं असतं. त्यामुळे तिथल्या लोकांची चीड मला समजते. पण गडबड मोजणीतली होती, नाण्यातली नाही. दमलेली माणसं मध्येच घरी जायची, काही दोनदा मोजली जायची, आणि फॉर्म भरणारा शेजारपाजारचाच कोणीतरी असायचा.

‘लोकशाहीत नाणं कसलं?’ बरोबरी झाली की कुठेतरी चिठ्ठी काढावीच लागते. नेवाडा राज्याच्या डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये पत्ते काढायचे. 2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत वॉर्ड 220 मध्ये भाजप आणि शिवसेनेच्या उमेदवारांना सारखी मतं पडली, तेव्हा निकाल चिठ्ठीनेच लागला होता.

2016 बद्दल राग धरायचाच असेल तर तो दुसऱ्या गोष्टीवर धरा. कोणाच्या बाजूने किती माणसं उभी राहिली, हे डेमोक्रॅटिक पक्षाने त्या वर्षी जाहीर केलंच नाही. फक्त प्रतिनिधींचे आकडे दिले. रात्रपाळीच्या नर्सला, घरी तान्हं मूल असलेल्या बाईला, तासभर उभं राहू न शकणाऱ्या म्हाताऱ्याला त्या हॉलमध्ये येणंच अवघड होतं, आणि त्यावर एकही मेसेज फिरला नाही. माणसांचे आकडे 2020 मध्ये पहिल्यांदा जाहीर झाले, सही केलेली कागदी पसंती-कार्डंही तेव्हाच आली. 2024 ला तर डेमोक्रॅटांनी पसंती टपालानेच मागवली.