‘साटंलोटं’ या एका शब्दाबद्दल

ग्रँडमास्टर मित्रांमधली झटपट बरोबरी आधी ठरवलेली नसेल, पटावरच जुळली असेल, तर त्यात गैर काही नाही, असं मी गेल्या आठवड्यात लिहिलं. त्यावर एका वाचकांची बरीच मोठी प्रतिक्रिया आली आहे. त्यात प्रेक्षकांचा पैसा आहे, प्रायोजक आहेत, कुरसाओची जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी जुनी स्पर्धा आहे. पण मी ज्या वाक्याशी अडलो ते हे: “दोन मित्र चौदा चालींत हात मिळवून उठतात त्याला खेळ नाही, साटंलोटं म्हणतात, आणि ज्यांनी कधी घड्याळ लावून डाव खेळला नाही तेच याची भलामण करतात.”

आधी माझी चूक. बरोबरी थेट प्रतिस्पर्ध्याला देऊ करायची नाही, हा नियम स्पेनमधल्या बिल्बाओच्या स्पर्धेपासून आला असं मी लिहिलं होतं. तो त्याआधी, २००५ साली बल्गेरियातल्या सोफियाच्या स्पर्धेत आला, म्हणूनच त्याला सोफिया नियम म्हणतात. तुम्ही ते दाखवून दिलंत, आभार. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ते वाक्य. साटंलोटं म्हणजे देणंघेणं. कुणीतरी काहीतरी दिलं, कुणीतरी काहीतरी घेतलं. हा आरोप आहे, मत नव्हे. तो करताना तुमच्याकडे पुरावा काय? दोघांची मैत्री आहे, एवढाच. मैत्री हाच पुरावा धरायचा तर बुद्धिबळातल्या निम्म्या माणसांना आरोपी करावं लागेल, कारण वर्षातले कित्येक महिने हे लोक एकाच हॉटेलात राहतात, एकाच टेबलावर जेवतात, एकमेकांसाठी सेकंड म्हणून, म्हणजे तयारीतले मदतनीस म्हणून, काम करतात. आणि उलट बघा. १९८४-८५ मध्ये जगज्जेतेपदासाठी कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह ४८ डाव खेळले, त्यातले ४० बरोबरीत सुटले, त्यात छोटे डावही बरेच होते. त्या दोघांत मैत्री होती असं तुम्हीसुद्धा म्हणणार नाही.

तुम्ही ज्या चौदा चालींबद्दल बोलता तो बर्लिन बचाव (डावाच्या सुरुवातीची काळ्याची एक पद्धत) मला पाठ आहे, कारण मी तो स्वतः खेळलोय. होय, घड्याळ लावून. पाच दिवसांची स्पर्धा होती, रोज दोन फेऱ्या. आदल्या संध्याकाळी मी ९३ चालींचा डाव हत्तींच्या अंतिम टप्प्यात हरलो होतो. सहा तास. सकाळी फलकावर पाहिलं तर समोर माझा खोलीसोबती. आमची ओपनिंगची वही एकच होती: निळ्या शाईतलं माझं, लाल शाईतलं त्याचं. तो राजाच्या प्याद्यासमोर काय खेळणार हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं. आम्ही आधी एक शब्द बोललो नाही. सहाव्या चालीला उंटानं घोडा मारून मी वजीर नसलेल्या लांब डावात शिरू शकत होतो. नाही शिरलो, प्याद्यानं प्यादं मारलं. अकराव्या चालीला माझ्या वजिरानं शह दिला, त्याचा वजीर आडवा आला, मी मागे, तोही मागे. तेच पुन्हा एकदा. चौदाव्या चालीला तीच स्थिती तिसऱ्यांदा आली आणि आम्ही पंचांना बोलावलं. बरोबरीचा प्रस्ताव कुणी दिलाच नाही, त्यामुळे तुमचा सोफिया नियम आम्हाला थांबवू शकला नसता. यात देणंघेणं कुठलं? दोघांनी पटावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, चालींमधून एकमेकांना सांगितलं की आज भांडायचं नाही.

बाहेर निकालाच्या फलकाशी एका अनोळखी माणसानं माझ्या मित्राला विचारलं, “कितीला ठरलं?” तो काही बोलला नाही. त्याचे कान लाल झालेले मला अजून दिसतात. तुमचं वाक्य वाचताना मला तोच माणूस आठवला, आणि माझा आवाज चढला असेल तर त्याचं कारण हे आहे.

पुढच्या वर्षी शेवटच्या फेरीत पुन्हा आमचीच गाठ पडली. अर्धा गुण मिळाला असता तर मी बक्षिसांत होतो, त्याचं तसं काही अडलं नव्हतं. बाविसाव्या चालीला मी चाल करून, घड्याळ दाबण्याआधी, बरोबरी देऊ केली. त्यानं मान हलवली, नाही. ७१ चालींनंतर मी राजीनामा दिला. रात्री आम्ही त्याच खोलीत झोपलो.

कुरसाओचं म्हणाल तर १९६२ मध्ये पेट्रोशियन, केरेस आणि गेलर हे तीन सोव्हिएत खेळाडू आपसातले सगळे बारा डाव बरोबरीत सोडवतात, तेव्हा ते आधी ठरलेलं होतं असं मीही मानतो. ते वाईटच होतं. मूळ लेखात मी तसं लिहिलंय, शेवटून तिसऱ्या परिच्छेदात. तिथपर्यंत तुम्ही पोहोचलात की नाही मला माहीत नाही, प्रतिक्रियेवरून तरी वाटत नाही. त्याच स्पर्धेत खेळलेल्या अमेरिकेच्या बॉबी फिशरनं तसा आरोप केला हे खरं, पण तोच फिशर पहिले दोन्ही डाव हरला होता आणि शेवटी पेट्रोशियनच्या साडेतीन गुण मागे होता, हेही सांगायला हवं. समरकंदला २०२३ च्या ब्लिट्झ (काही मिनिटांच्या अतिजलद डावांच्या) जागतिक स्पर्धेत दुबोव्ह आणि नेपोम्निआश्ची या ग्रँडमास्टरांनी नुसते घोडे फिरवून आणले आणि दोघांनाही शून्य मिळालं, तेही योग्यच झालं. आधी ठरवणं वेगळं आणि पटावर जुळणं वेगळं, एवढंच मी पहिल्यापासून म्हणतोय.

प्रेक्षक आणि प्रायोजक यांच्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यावर आयोजकांकडे उपाय आहेत. तीस किंवा चाळीस चालींआधी बरोबरीला बंदी घाला, नॉर्वेतल्या स्पर्धेसारखं बरोबरीनंतर आर्मागेडन (काळ्याला बरोबरीही विजय ठरते असा निर्णायक डाव) खेळवा, जिंकण्याला तीन गुण द्या. ते त्यांचं काम आहे. तिसऱ्या खेळाडूचं नुकसान होतं हा मुद्दाही तुम्ही मांडलाय, त्यावर इथे लिहीत बसत नाही.

तुम्ही पुन्हा लिहिणार असाल तर एवढं करा: ज्या डावाला तुम्ही साटंलोटं म्हणता, तो कुठला, कुणाचा, कुठल्या फेरीतला ते चालींसकट द्या. आपण तो पटावर मांडून पाहू.