राष्ट्रपती आपलोच होतलो होतो : घरबसल्या इतिहास बदलायची कृती

तुम्हाला पण कधी ना कधी हा झटका येणारच. पावसात लाईट गेलेली असते, मोबाईलची बॅटरी बावीस टक्क्यांवर, रेंजसाठी गडग्यावर चढून उभं राहायला लागतं, आणि नेमकं तेव्हा डोक्यात येतं की अमक्या साली तमका राष्ट्रपती झाला असता तर आज देश कुठच्या कुठे गेला असता. येऊ दे. दाबून ठेवू नका, पित्त होतं. फक्त लिहायला बसायच्या आधी माझं जरा ऐका, कारण मी ह्या नादात दोन पावसाळे घालवलेत आणि आमच्या तात्यांनी तर अख्खी हयात.

निवडणूक शक्यतो अमेरिकेची घेऊ नका. मोह होतो, मला माहितीय. 2000 सालचं फ्लोरिडा, बुश 537 मतांनी पुढे, देशभरात गोरला पाच लाखांवर मतं जास्त तरी गोर घरी. ऐकायला झकास. पण 537 म्हणजे आमच्याकडच्या एका बऱ्यापैकी वाडीचे मतदार, आणि त्या एका वाडीवर जगाने एवढं लिहून ठेवलंय की तुमच्या वाट्याला शेंडी पण यायची नाय. शिवाय तिकडचा अध्यक्ष खरंच काहीतरी करतो हो, फौजा बिवजा पाठवतो, मग तो बदलला की काय काय बदललं असतं ते लिहायला अभ्यास लागतो. आपला राष्ट्रपती बरा. आपला राष्ट्रपती म्हणजे देवळातला मानकरी. पहिला नारळ त्याच्या हातात, पहिला मान त्याचा, फेटा त्याचा, पण नारळ कधी वाढवायचा ते भलतेच चार जण ओटीवर बसून आदल्या रात्री ठरवणार. अशा खुर्चीत कुणालाही बसवा आणि पुढे कायपण लिहा, कोण विचारायला येतोय?

आता माणूस. जिंकलेला घेऊ नका हे सांगायला नको, जिंकलेल्याने पाच वर्षं सह्या केलेल्या असतात आणि सह्या निघतात. दुसऱ्या नंबरचा पण रिस्की. 1969 चे नीलम संजीव रेड्डीच घ्या. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार, इंदिराबाईंनी अंतरात्म्याचा आवाज ऐकून मत द्या म्हणून सांगितलं, अंतरात्म्याने अपक्ष उभ्या राहिलेल्या व्ही. व्ही. गिरींचं नाव घेतलं आणि रेड्डी पडले. छान दुःखी गोष्ट आहे ना? तुम्ही पेन उचलता, "रेड्डी जिंकले असते तर" असं लिहिता, आणि लक्षात येतं की मेला माणूस 1977 मध्ये झालाच की राष्ट्रपती! ते पण बिनविरोध. 37 जणांचे अर्ज आलेले, छाननीत 36 बाद. म्हणजे खऱ्या इतिहासाने तुमच्या आधी येऊन पर्यायी इतिहास लिहून टाकला आणि वर तो तुमच्यापेक्षा अचाट लिहिला. असल्या माणसावर मेहनत फुकट.

तिसरा नंबर बेस्ट. तिसऱ्याने कधी काय केलेलं नसतं, त्यामुळे त्याने सगळंच केलं असतं. आणि 1969 चा तिसरा कोण, तर चिंतामणराव देशमुख. सी. डी. देशमुख. महाडजवळच्या नाते गावात जन्म, 14 जानेवारी 1896, रायगड किल्ल्याच्या पायथ्याचा मुलुख, बालपण रोह्याला. आयसीएसच्या परीक्षेत पहिले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री, आणि 1956 मध्ये मुंबई महाराष्ट्राला देत नाय म्हटल्यावर नेहरूंच्या तोंडावर राजीनामा देऊन बाहेर. वर मेघदूताचं मराठी भाषांतर. आता एवढं सगळं असलेला माणूस हरतो, आणि तो पण तिसरा, म्हणजे तो कोकणातलाच असणार हे तुम्ही न सांगता ओळखलं असतं.

इथे एक सावधगिरी. हे नाते, महाडचं. राजापूरचं ते नाटे. आमच्या तात्यांनी पंधरा वर्षं देशमुखांना नाटेचे करून ठेवलेलं, जैतापूरच्या खाडीवरनं ते होडीने शाळेत जायचे इथपर्यंत मजल गेलेली. मी दुरुस्त केलं तर म्हणाले, "तुका काय कळता? कोकण ता कोकण." बघा, हे शिकण्यासारखं आहे. एरवी आम्ही सिंधुदुर्गवाले रायगडवाल्याला अर्धा मुंबईकर समजतो, कोकण राजापूरच्या वर सुरू होतं हेच आम्हाला मान्य नाय, आणि कुणाच्या माशाच्या तिकल्यात त्रिफळं टाकायची न् कुणाच्यात नाय ह्यावरनं सोयरीक मोडू. पण माणूस हरलेला आणि मोठा असला की डहाणूपासून सगळे आपलेच. तसंच ते 1952 मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आलेले, तर तो कुलाबा म्हणजे तेव्हाचा जिल्हा, आताचा रायगड. मुंबईचा कुलाबा नव्हे. नायतर तुमच्या गोष्टीत देशमुख गेटवेवर शेंगदाणे खात प्रचार करताना दिसायचे.

गणित मात्र अजिबात करू नका. मी केलं आणि माझी गोष्ट तिथेच मेली, तुमची मरू नये म्हणून सांगतो. राष्ट्रपतीचं मतदान तुम्ही आम्ही करत नाय, खासदार आमदार करतात, आणि प्रत्येक आमदाराच्या मताची किंमत राज्याच्या लोकसंख्येवर. 2022 ला महाराष्ट्राच्या आमदाराचं मत 175 चं आणि सिक्कीमच्या आमदाराचं 7 चं होतं, ते पण 1971 ची जनगणना धरून, म्हणजे आमच्या वाडीत तेव्हापासून जी माणसं मुंबईला गेली ती अजून कागदावर इथेच भात लावतायत. बरं, मत म्हणजे नुसता शिक्का नाय. पसंती लिहायची, एक, दोन, तीन. निम्म्याच्या वर कुणीच गेला नाय तर सगळ्यात खालचा उमेदवार काढायचा आणि त्याच्या मतपत्रिकांवर दुसरं नाव कुणाचं ते बघून त्याच्याकडे ढकलायच्या.

16 ऑगस्ट 1969 ला मतदान झालं. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी 4,01,515, रेड्डी 3,13,548, आपले देशमुख 1,12,769. जिंकायला हवी होती 4,18,169. गिरींना फक्त 16,654 कमी. मग खालनं एकेक बाद करत करत देशमुख पण गेले, आणि त्यांची नि बाकीच्या चिल्लर उमेदवारांची दुसरी पसंती वाटली तर रेड्डींना जवळजवळ 92 हजार मिळाली, गिरींना साडेअठरा. शेवट गिरी 4,20,077, रेड्डी 4,05,427. ह्यात दुसरी पसंती रेड्डींकडे एवढी का गेली, तर काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पांनी 'स्वतंत्र' नावाचा उजवा पक्ष नि जनसंघाकडे, म्हणजे देशमुखांना ज्यांनी उभं केलं त्यांच्याकडे, दुसरी पसंती आम्हाला द्या म्हणून शब्द टाकलेला. इंदिराबाईंना तेच हवं होतं, बघा बघा आमचे म्हातारे कुणाशी हात मिळवतायत म्हणून त्यांनी बोंब ठोकली.

आता ह्यात देशमुखांना जिंकवून दाखवा. आधी त्यांना रेड्डींच्या पुढे न्यायचं, म्हणजे रेड्डींची लाखभर मतं इकडे वळवायची. मग रेड्डी बाद, आणि त्यांच्या उरलेल्या दोन लाखावर मतांतली जवळजवळ सगळीच्या सगळी दुसरी पसंती देशमुखांना पाहिजे, कारण गिरी सोळा हजारांवर टपून बसलेत. म्हणजे मुरलेले काँग्रेसवाले रांगेने जनसंघाच्या उमेदवाराला पसंती देतायत असा सीन. आमच्याकडे दशावतारात संवाद कुणी लिहून देत नाय, राजा आणि राक्षस उभ्या उभ्या रचतात, पहाटेपर्यंत वाटेल ते बोलतात, पण तिथेसुद्धा एवढं बोललं तर पुढच्या रांगेतली म्हातारी उठून घरी जाईल. म्हणून म्हणतो, गणित नको. "काही अनपेक्षित घडामोडी होऊन" असं लिहा आणि पुढच्या परिच्छेदात शपथविधी उरकून टाका.

तारखा पण टाळा. तात्यांचा सगळ्यात लाडका सीन आणीबाणीचा. मध्यरात्र, राष्ट्रपती भवन, कागद पुढे आलेला, देशमुख चष्मा काढतात, पुसतात, आणि म्हणतात मी सही करणार नाही. तात्या हे सांगताना स्वतःचा चष्मा काढून पुसतात. मी एकदा, फक्त एकदाच, म्हटलं की तात्या, आणीबाणी जून 1975 ची, आणि 1969 च्या ऑगस्टात बसलेल्या माणसाची पाच वर्षं ऑगस्ट 74 ला संपतात, दहा महिने आधीच देशमुख रोह्याला परत. तात्यांनी चष्मा घातला आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नायत. तिसऱ्या दिवशी त्यांनी देशमुखांना दुसऱ्यांदा निवडून आणलं, बिनविरोध.

खरी पंचाईत वेगळीच आहे आणि ती मी तात्यांना अजून सांगितलेली नाय. तुमच्या गोष्टीत देशमुख काय करणार, तर बँका सरकारी होण्यापासून वाचवणार, बरोबर? स्वतंत्र पक्षाने उभा केलेला माणूस, रिझर्व्ह बँकेचा माजी गव्हर्नर, असं कुणालाही वाटेल. पण 14 बँकांच्या वटहुकमावर हंगामी राष्ट्रपती म्हणून गिरींनी 19 जुलैला सही केली आणि दुसऱ्या दिवशी निवडणूक लढवायला राजीनामा दिला. देशमुख येईपर्यंत कारभार उरकलेला. हां, एक फट आहे. 10 फेब्रुवारी 1970 ला सुप्रीम कोर्टाने तो कायदा उडवला आणि 14 ला सरकारने नवा वटहुकूम आणला. तो देशमुखांच्या टेबलावर आला असता. वा! लिहा, लिहा. आणि लिहिता लिहिता आठवू देऊ नका की 1949 ला रिझर्व्ह बँक सरकारी झाली तेव्हा गव्हर्नर हेच, 1955 ला इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली तेव्हा अर्थमंत्री हेच, 1956 च्या जानेवारीत आयुर्विमा कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या तेव्हा पण हेच. तीन वेळा ज्याने स्वतः केलं तो चौथ्यांदा पेन खाली ठेवतोय. मला तर वाटतं त्यांनी सही केली असती आणि वर मसुद्यातली व्याकरणाची चूक काढून दिली असती. पण असला देशमुख कुणाला हवाय? स्वतंत्र पक्षाला नको, तात्यांना नको, आणि खरं सांगायचं तर दोन पावसाळे घालवल्यावर मला पण नको होता.

मराठी माणूसच पाहिजे असं नसेल तर 1997 चे टी. एन. शेषन, माजी मुख्य निवडणूक आयुक्त, घेऊ शकता, त्यांना शिवसेनेचा पाठिंबा होता, के. आर. नारायणन 9,56,290 आणि शेषन 50,631, तिथे गणित करायचा मोह तरी होत नाय. पण माझं मन अजून खाली जातं. 1974 च्या आधी राष्ट्रपतीपदाला उभं राहायला एक सुचवणारा आणि एक अनुमोदक पुरायचा, दोघं मतदार असले म्हणजे झालं. त्यामुळे 1967 ला 17 उमेदवार, आणि त्यांतल्या नऊ जणांना शून्य मतं. परत वाचा. शून्य. म्हणजे ज्याने नाव सुचवलं त्याने पण दिलं नाय आणि ज्याने अनुमोदन दिलं त्याने पण नाय. दिल्लीत कुठेतरी ते तिघं समोरासमोर येऊन चहा पीत बसले असतील, आणि कुणी कुणाला काय विचारलं असेल, हे लिहा की कुणीतरी.

मी हे तात्यांना वाचून दाखवलं. हसतील असं वाटलेलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, "शून्य बरा रे. हिशोब तरी सरळ." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तात्या एकदाच निवडणुकीला उभे राहिले, ग्रामपंचायतीला, आमच्याच वॉर्डातून. अकरा मतं पडली. आमच्या घरात तेव्हा मतदार चौदा.

"तुझो देशमुख बिशमुख रवांदे," तात्या म्हणाले, "तां माजी तीन मतां खंय गेली ता लिवन काढ, तो खरो इतिहास."

बघू म्हटलं. लाईट आली की बघू. दोन मतांचा मला पत्ता नाय. तिसरं ज्याचं होतं त्याला नुकतं अठरावं संपलेलं आणि समोरच्या उमेदवाराने वाडीला क्रिकेटचा किट दिलेला, पॅड ग्लोव्हज सकट, आणि ओपनिंगला मी जायचो.