मालकाचं उत्तर: अक्षरं फुकटची नव्हती, सर

नमस्कार सर. बोर्ड कबूल केल्यापेक्षा सहा दिवस उशिरा लागला, तुमच्या व्यायामशाळेचं उद्घाटन बोर्डाशिवाय झालं, ही चूक आमचीच. मनापासून माफी मागतो.

पण तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंय, 'गूगलवर फुकट मिळणारा फॉन्ट टाकून डिझाइनचे 4,500 उकळले'. एक स्टार दिलात त्याचं एवढं वाईट वाटलं नाही, हे मात्र लागलं.

पहिल्या दिवशी मीच तुम्हाला टेको दाखवला होता. इंडियन टाइप फाउंड्रीचा फॉन्ट, ओपन लायसन्सचा. धंद्याला वापरला तरी पैसे लागत नाहीत, हेही मीच सांगितलं. तो घेतला असतात तर डिझाइनचा एक रुपया लावला नसता. तुम्ही म्हणालात, 'चौकोनी आहे, पण कोपरे मऊ आहेत, मला धारदार पाहिजे.' म्हणून सगळी अक्षरं मी कोऱ्या कागदावर नव्याने काढली. गोलाई छाटली की अक्षर कोनदार होतं, असं नसतं सर. 'व'ची वाटी त्रिकोणी करताना आतली जागा जरा कमी पडली, तर रस्त्यापलीकडून नुसता ठिपका दिसतो. तुमच्या नावातल्या 'ज्र'मध्ये रकार तिरका आणि 'ज'चा बाकही तिरका, दोन्ही एकमेकांत घुसत होते. 'व्यायामशाळा'तला 'ळ' तर चार वेळा काढला. दोन षटकोन शेजारी ठेवले की अक्षर न वाटता नक्षी वाटायची. तिसरा नमुना पाठवल्यावर रात्री साडेअकराला तुमचा मेसेज आला, 'हेच फायनल'. तो अजून माझ्याकडे आहे.

आतले कोपरे गोल आलेत म्हणालात. अक्षरं ज्या फोमशीटमधून कापली ती पीव्हीसी प्लास्टिकची असते, ती लेझरवर कापत नाहीत, विषारी वायू निघतो. म्हणून ती राउटरवर, म्हणजे फिरत्या बिटने कोरणाऱ्या मशीनवर कापतो. त्याचा बिट 3 मिमीचा आणि गोल, त्यामुळे आतल्या कोपऱ्यात दीड मिमीची गोलाई राहतेच. ती आम्ही एकेक कोपरा कानशीने घासून काढली, उशीर त्यातच झाला. 'ळ'चे दोन कोपरे राहून गेले, तेच तुमच्या फोटोत आहेत. कार्डावर नाव वाचता येत नाही म्हणता, पण ती 14 इंची अक्षरं बारीक करून कार्ड तुम्ही दुसरीकडे छापून घेतलंत. कार्डाला ही वापरू नका, असं मी दुकानात सांगितलं होतं.

यापुढे डिझाइनचं बिल फोडून देऊ, तारीखही जरा सांभाळून सांगू. 'ळ'चे कोपरे येऊन नीट करून देतो, त्याचे पैसे नकोत. नवीन गिऱ्हाईक आधी हे रिव्ह्यू वाचतं सर. परवाच एकाने फोनवर विचारलं, 'फॉन्ट फुकटचाच लावणार ना?' तेवढा 'फुकट' शब्द काढता आला तर बघा.